'इतर'चा डबा

तुमच्या घरी एक तरी डबा असा असेलच, ज्यात सेफ्टी पिना, सुतळीचे तुकडे, संपलेले सेल असं सटरफटर सामान पडलेलं असतं. इथे नांदगाव खंडेश्वरला माझ्या वर्गातही तसा एक आहे. त्यावर मीच मोठ्या हौसेने चिठ्ठी चिकटवली होती : 'इतर'. ज्या वस्तूला जागा सुचेना, ती त्यात.

मागच्या आठवड्यात एका मुलाचं बोट कात्रीने कापलं. जखमेवर लावायची पट्टी कुठे? 'इतर'मध्ये! दोघी मुली डबा उपसताहेत आणि तो बिचारा बोटाला रुमाल धरून उभा. "मॅडम, सापडूनच नाही राह्यली जी!" शेवटी मी डबा टेबलावर पालथा केला, तेव्हा मिळाली. जखम लहान होती, पण मी मनातून ओशाळले.

गंमत म्हणजे, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारी हुशार माणसंही असंच करतात बरं का! फाइल वाचणं, नावं क्रमाने लावणं अशी कामं किती तरी प्रोग्रॅमना लागतात. ती एकदाच लिहून एका पेटीत ठेवतात. तिला म्हणायचं पॅकेज. पेटीला नाव सुचलं नाही, की लिहायचं 'यूटिल', म्हणजे उपयोगी वस्तू. आता मला सांगा, निरुपयोगी वस्तू पेटीत ठेवतं कोण?

'गो' नावाची एक प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. गूगलमधल्या मंडळींनी ती २००९ साली जगापुढे ठेवली. ती ओपन सोर्स आहे, म्हणजे तिचं आतलं लिखाण कुणीही वाचावं, सुधारणा सुचवाव्यात. तिच्यात 'आयओयूटिल' नावाची अशीच एक पेटी होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये १.१६ ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्यातलं सामान योग्य घरी गेलं. कुठूनही येणारा मजकूर शेवटपर्यंत वाचण्याचं काम 'आयओ' या पेटीत गेलं. फाइल उघडून वाचण्याचं काम 'ओएस'मध्ये, कारण फाइली सांभाळते ती ऑपरेटिंग सिस्टिम. वस्तू कशी दिसते हे न बघता ती कोणत्या कामाची, हे पाहिलं.

मग जुनी पेटी फेकून दिली? नाही! जगभरच्या असंख्य प्रोग्रॅममध्ये तिचं नाव लिहिलेलं होतं. पेटी गेली असती तर ते सगळे अडले असते. शिवाय २०१२ साली पहिली आवृत्ती देताना 'गो'वाल्यांनी शब्द दिला होता, की आज लिहिलेले प्रोग्रॅम पुढेही चालतील. म्हणून पेटी ठेवली. जुन्या नावाने हाक मारा, ती काम नव्या जागेकडे पाठवते.

मला ही युक्ती फार आवडली. शनिवारी आम्ही डबा रिकामा केला. पट्टी आणि कापूस दाराजवळच्या खणात गेले, वर मोठ्या अक्षरांत नाव. सुतळीवरून मात्र भांडणच जुंपलं. हस्तकलेच्या कपाटात की बागेच्या सामानात? अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे. मग वर्षभरात ती कशाला लागली ते आठवलं : टोमॅटोची रोपं बांधायला. गेली बागेत!

डबा अजून जागेवर आहे. आत नुसत्या चिठ्ठ्या : 'पट्टी दाराजवळ', 'सुतळी बागेत'. आणि एक किल्ली. तिचं कुलूप आम्ही अजून शोधतो आहोत.