पगाराची तारीख पाळा, मोटिव्हेशनचं नंतर बघू



आपल्या बॅचमध्ये आणि व्हिडिओखालच्या कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, कामावरची पोरं मन लावून काम करत नाहीत. त्यांना मोटिव्हेट कसं करायचं?" विचारणाऱ्याला उत्तरात टार्गेट, इन्सेन्टिव्ह, दिवाळीचा बोनस असं काहीतरी हवं असतं. मी मात्र उलट विचारतो, "मागच्या सहा महिन्यांत पगार कोणत्या तारखांना दिलात?" बहुतेक मालकांना सांगता येत नाही. त्यांच्या कामगारांना विचारा, सहाच्या सहा तारखा पाठ असतात.

आज मला एकच गोष्ट ठामपणे मांडायची आहे. छोट्या धंद्यात आपण कामावरच्या माणसाला देऊ शकतो अशी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे खात्री. पगार कोणत्या दिवशी हातात पडणार, उद्या किती वाजता यायचं आणि सुटायचं, दोन दिवस तापाने झोपलो तर काम राहील का, या तीन गोष्टींची खात्री. ती नसली की माणसाच्या मनाचं काय होतं आणि त्यामुळे कामाचं काय होतं, यावर गेल्या काही वर्षांत चांगलं संशोधन झालंय. ते आपल्या काउंटरपर्यंत पोचत नाही, म्हणून हा लेख.

पत्रावळी लावणाऱ्यांचा प्रयोग

पहिलं उदाहरण आपल्याच देशातलं. सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लइनाथन, सुआना ओह आणि फ्रँक शिलबाक या चार अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशात एक प्रयोग केला. गरीब कुटुंबांतल्या कामगारांना पानांच्या पत्रावळी लावायचं काम दिलं. नगावर मजुरी, म्हणजे जितक्या पत्रावळी तितके पैसे. मग त्यांनी फक्त एक गोष्ट बदलली. काही जणांना केलेल्या कामाचे पैसे लवकर दिले, बाकीच्यांना नंतर. दर तोच, एक रुपयाही जास्त नाही. फरक फक्त कधी दिले एवढाच.

ज्यांच्या हातात पैसे लवकर आले त्यांनी आधी उधारी फेडली, घरात लागणारं सामान भरलं. आणि त्यानंतर त्यांचं काम सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं. वेग वाढला तसा चुकाही कमी झाल्या. हाताला कौशल्य आधीही होतं, डोक्यात मात्र देणेकऱ्यांची रांग उभी होती. ती जरा पांगली, तसं लक्ष पानावर आलं. हा फरक सगळ्यात जास्त कुणात दिसला? ज्यांची ओढाताण सगळ्यात जास्त होती त्यांच्यात.

मुल्लइनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं याआधीचं एक काम २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं होतं. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना तोडणीआधी आणि तोडणीनंतर बुद्धीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या. पैसा हातात नसतानाच्या दिवसांत त्याच माणसांचे निकाल खाली होते. उसाचं बिल कधी जमा होणार याची वाट बघणाऱ्या घरात जे वाढलेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता आपल्या दुकानाकडे या. एक पोरगा बिल करताना हिशोब चुकतो, दुसरा गिऱ्हाइकावर खेकसतो. आपण म्हणतो, "याचं लक्षच नाही." अहो, लक्ष आहे. ते घरभाड्यावर आहे. आणि महिना उलटून दहा तारीख झाली तरी आपण पगार दिला नसेल, तर ते लक्ष तिकडे आपणच पाठवलंय.

गिऱ्हाईक नव्हे, आपणच वेळ बिघडवतो

दुसरी खात्री कामाच्या वेळेची. अमेरिकेत डॅनियल श्नायडर आणि क्रिस्टन हार्कनेट या दोन समाजशास्त्रज्ञांनी मोठमोठ्या दुकानांत आणि खाद्यपदार्थांच्या साखळ्यांत तासावर काम करणाऱ्या हजारो लोकांची पाहणी केली. २०१९ मध्ये त्यांचा निबंध आला. ज्यांच्या कामाच्या वेळा ऐनवेळी बदलतात, त्यांच्यात मानसिक ताण, खराब झोप आणि दुःखीपणा जास्त आढळला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, कमी पगारापेक्षाही या अनिश्चित वेळांचा संबंध त्रासाशी जास्त घट्ट निघाला.

यावर आपला माणूस लगेच म्हणतो, "सर, गिऱ्हाईक सांगून येतं का?" याचंही उत्तर आहे. गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को भागातल्या २८ दुकानांत २०१५-१६ मध्ये एक प्रयोग झाला. काही दुकानांत कामाच्या वेळा शक्य तितक्या ठरलेल्या ठेवल्या, आपसात पाळी बदलायची सोय दिली. त्या दुकानांची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. आणि संशोधकांना असंही दिसलं की वेळापत्रक बिघडवण्यात गिऱ्हाइकांचा हात समजला जातो तेवढा नव्हता. माल येण्याची चुकीची माहिती, ऑफरमध्ये आयत्या वेळी केलेला बदल, साहेबांची भेट, असल्या मुख्य कार्यालयाच्या कारणांचा हात मोठा होता.

आपल्याकडचं बघा. आठवडी बाजार कधी, लग्नसराई कधी, शाळा सुरू होताना कोणती गर्दी, दिवाळीच्या आधी किती दिवस जेवायला फुरसत नसते, हे सगळं आपल्याला वर्षभर आधी माहीत असतं. वेळ बिघडते ती कशामुळे? "आज टेम्पो येणार आहे, थांब जरा." "उद्याची सुट्टी परवा घे, मला मेव्हण्याकडे साखरपुड्याला जायचंय." हे गिऱ्हाईक बोलत नाही, आपण बोलतो.

"माझ्याच धंद्याची खात्री नाही, त्याला कुठून देऊ?"

हा प्रश्न खरा आहे. मी स्वतः दुकान चालवतो. उधारी अडकते, पार्टीचा चेक पुढे जातो, बँकेचा हप्ता मात्र तारखेला कापला जातो. ताण मालकालाही असतो आणि त्याला तर ओव्हरटाइमही मिळत नाही.

पण एक विचार करा. नफा मालकाचा का? तर जोखीम मालकाची म्हणून. बँकेत कर्ज मागताना आपण छाती पुढे काढून सांगतो, "मी रिस्क घेतोय साहेब." मग महिनाअखेरीला गल्ला हलका झाला की ती रिस्क बारा हजारांवर काम करणाऱ्या माणसाकडे का सरकवायची? सीझन चांगला गेला तर नफ्यात त्याची भागीदारी नसते. मग मंदीत त्याचा पगार लांबवणं म्हणजे त्याच्याकडून बिनव्याजी, न विचारता घेतलेलं कर्ज आहे. आणि ते भरून काढायला तो बाहेरून व्याजाने पैसे उचलतो. माझं मत स्पष्ट आहे. हा फक्त माणुसकीचा प्रश्न नाही, व्यवहार म्हणूनही हे चुकीचं आहे. कायदाही महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायला सांगतो.

बीबीएला आम्हाला हर्झबर्ग होता. पगार आणि नोकरीची सुरक्षितता या गोष्टी नसल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या असल्या म्हणून तो पेटून कामाला लागत नाही, अशी त्याची मांडणी. परीक्षेत सगळ्यांनी लिहिलं आणि सोडून दिलं. दुकानात बसल्यावर त्याचा दुसरा अर्थ कळतो. पाया नसताना त्यावर इन्सेन्टिव्हचे मजले चढवून उपयोग नाही.

हेही प्रामाणिकपणे सांगतो की हे आकडे जसेच्या तसे आपल्या दुकानाला लावू नका. पत्रावळीचं काम नगावर मोजता येतं, काउंटरचं येत नाही. गॅप ही अवाढव्य कंपनी आहे. "तारखेला पगार दिला की विक्री ७ टक्के वाढणार" असं कुणी स्टेजवरून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळ्या कामांत दिशा एकच दिसते, एवढं नक्की.

सोमवारपासून काय करायचं?

१. पगाराचा वेगळा गल्ला. समजा तीन माणसं आहेत, प्रत्येकी १२,००० पगार. महिन्याचे ३६,००० झाले. महिन्यात २६ दिवस दुकान चालतं, तर रोज १,४०० रुपये रात्री बाजूला काढा. वेगळ्या खात्यात टाका म्हणजे हात जाणार नाही. एकदम ३६,००० काढणं जड जातं, रोजचे १,४०० निघतात. ज्या धंद्यातून रोज तेवढेही निघत नाहीत, तिथे तीन माणसं परवडत नाहीत हे लवकर कळतं. तेही बरंच.

२. तारीख भिंतीवर. पाच तर पाच, सात तर सात. कॅलेंडरवर गोल करा, सगळ्यांना दिसू दे. उशीर होणारच असेल तर दोन दिवस आधी स्वतः सांगा, किती दिवस तेही सांगा. न सांगता झालेला उशीर जास्त टोचतो.

३. उचलीचा नियम. महिन्याच्या मध्यात ठरावीक रकमेपर्यंत उचल मिळेल, कारण विचारलं जाणार नाही, आणि ती वहीत दोघांच्या सहीने लिहिली जाईल. चार गिऱ्हाइकांसमोर हात पसरायला लावू नका.

४. आठवड्याच्या वेळा शनिवारीच. ग्रुपवर टाका. बदल करायचा तर विचारून करा, आणि एकदा दिलेली सुट्टी परत घेऊ नका.

५. आजारपणाचं आधीच बोलून ठेवा. किती दिवस पगारी, त्यानंतर काय, हे कामावर ठेवतानाच सांगा. मनाचं आजारपणही आजारपणच. माणूस आठवडेच्या आठवडे गप्प असेल, झोप उडाली असेल, तर "टेन्शन घेऊ नको" म्हणून विषय संपवू नका. आपण डॉक्टर नाही. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. तो नंबर दुकानात लावून ठेवा. मालकाने स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

यातल्या चार गोष्टींना जवळपास शून्य खर्च आहे आणि पहिलीला फक्त शिस्त लागते. इतका स्वस्त फायदा आपल्याला होलसेलवालाही देत नाही.

आज शटर ओढल्यावर वही काढा आणि मागच्या सहा पगारांच्या तारखा लिहा. त्या सहा तारखा कमेंटमध्ये टाका, जशा आहेत तशा. पगाराचा गल्ला कसा बसवायचा, याचा हिशोब पुढच्या व्हिडिओत फळ्यावर करून दाखवतो. भेटूच.