इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना

तंजावरचा मे महिना. पारा चाळिशीला टेकलेला. अशा दुपारी वीज जाते, इन्व्हर्टरवर पंखा दहा-पंधरा मिनिटे फिरतो, मंदावतो आणि थांबतो. घरातील वृद्ध माणसे पुठ्ठ्याने वारा घेऊ लागतात आणि गृहिणी म्हणते, ‘‘आता नवी बॅटरी घ्यायलाच हवी.’’

२०१२च्या सुमारास तामिळनाडूत चेन्नईबाहेर दिवसाला दहा-बारा तास वीज नसे. त्या काळात इन्व्हर्टर ही चैन राहिली नाही. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरात राहिलेल्या, आजही घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबांनाही या झळा बसल्या. पुढे भारनियमन आटोपले, पण उन्हाळ्यातील खोळंबे आणि पावसाळ्यातील वादळे काही संपली नाहीत. त्यामुळे दर चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलण्याची वेळ येतेच.

बहुतेक घरांतून मग एकच प्रश्न विचारला जातो, ‘‘सर्वांत मोठी बॅटरी कोणती?’’ येथेच पैसे वाया जातात.

आधी घरातला हिशेब करा. १२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास वीज मावते. ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि थोडी इन्व्हर्टरच खातो, म्हणून हाती हजारच्या आसपास वॉट-तास धरावेत. जुने तीन पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे आणि ९ वॉटचे पाच एलईडी दिवे, म्हणजे २७० वॉट. जेमतेम चार तास. तेच पंखे ३० वॉटचे, नव्या बीएलडीसी मोटरचे असतील, तर भार १३५ वॉटवर येतो आणि हीच बॅटरी आठ तासांच्या आसपास पुरते. एका जादा बॅटरीच्या किमतीत असे तीन-चार पंखे येतात. दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही! इडलीचे पीठ वाटायचा ग्राइंडर आणि फ्रिज मात्र या हिशेबात धरू नका.

मोठ्या बॅटरीची आणखी एक अडचण आहे. घरचा इन्व्हर्टर तिला साधारण १० ते १५ अँपिअरने भरतो. २२० एएचची बॅटरी रिकामी झाली, तर एवढ्या प्रवाहावर ती भरायला पुरा दिवस लागू शकतो. वीज वारंवार जात असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेली बॅटरी लवकर मरते. दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर असेल तर दोन्ही एकदम बदला. एक जुनी, एक नवी जोडली की जुनी नवीलाही खाली ओढते.

पण बॅटरी खरोखर मेली आहे का? कित्येकदा फक्त पाणी आटलेले असते. डिस्टिल्ड वॉटर भरून, पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरने प्रत्येक सेल तपासून घ्या. सहापैकी एकच सेल फार खाली दाखवत असेल, तर मात्र तिच्यावर खर्च करू नका. फिल्टरचे किंवा बाटलीबंद पाणी चालत नाही, त्यातील क्षार प्लेटांना मारक असतात.

रोज तास-दोन तास वीज जाणाऱ्या घरात उंच ट्युब्युलर बॅटरी टिकाऊ. लिथियमची बॅटरी वजनाला हलकी, पाणी लागत नाही, आयुष्यही जास्त, पण जुन्या इन्व्हर्टरचे चार्जिंग तिला जुळते का, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. सुट्टीत कुटुंबाला घेऊन हिंडणाऱ्या कॅम्पर व्हॅनमध्ये इंजिनाच्या बॅटरीखेरीज पंखा-दिव्यांसाठी वेगळी बॅटरी असते. तेथे वजन आणि जागा दोन्ही मोजून लागतात, त्यामुळे लिथियमचा जादा खर्च लवकर पटतो. साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून माणसे झोपतात त्या बंद जागेत ती ठेवूच नये. घरातही देवघराच्या समईजवळ किंवा कपाटात कोंबून नको. तंजावरच्या जुन्या घरांतील चौकाकडेची सावलीतली, हवेशीर जागा उत्तम. उन्हात मुळीच नको, कारण उष्णता दहा अंशांनी वाढली की बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते.

खरेदीच्या वेळी बॅटरीवरील निर्मितीचा महिना पाहा, वॉरंटी कार्डावर शिक्का व तारीख घ्या. ‘पाच वर्षे’ म्हणजे किती महिने बॅटरी मोफत बदलून मिळेल आणि किती महिने फक्त किमतीत सूट, हे विचारून घ्या. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानदारालाच द्या, तिच्यातील शिशाचे पैसे बिलातून वजा होतात.

१६ नोव्हेंबर २०१८च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ आले. पट्टुकोट्टै, पेरावुरणी भागातील नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी कितीही मोठी बॅटरी पहिल्या रात्रीच संपते. त्यानंतर आठवडे रिकामी पडून राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचा कठीण थर चढतो आणि वीज आल्यावरही ती उठत नाही. म्हणून वादळाचा इशारा मिळताच बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. वीज गेल्यावर पंखे बंद, एक दिवा आणि मोबाइल एवढेच चालू ठेवावे, आणि इन्व्हर्टरची शिट्टी वाजायच्या आधीच तो बंद करून टाकावा.