थंड पाणी आणि पोटाचा घेर

आमच्या बीडकडे वजन उतरवायला पाण्याचे दोन उपाय चालतात. जुन्या मंडळींचा उपाय म्हणजे सकाळी उठल्याबरोबर गरम पाणी, लिंबू-मध घालून. त्याने म्हणे चरबी वितळते. नव्यांचा उपाय मोबाईलवरून आला. फ्रीजमधलं गारेगार पाणी प्या, ते तापवताना शरीर चरबी जाळतं. एकाच घरात सासू गरम पिते, सून गार पिते आणि वजनाचा काटा दोघींसाठी हलत नाही!

गंमत म्हणजे गार पाण्यावाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. हिशोब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. अर्धा लिटर पाणी ५ अंशांवरून शरीराच्या ३७ अंशांवर न्यायचं तर झाल्या १६ हजार कॅलरी. पण हुरळून जाऊ नका. आहाराच्या तक्त्यातली कॅलरी ही खरं तर किलोकॅलरी, म्हणजे हजारपट मोठी. त्या मापाने हाती उरतात फक्त १६. चहातली एक चमचा साखर २० ची असते. ज्वारीची एक भाकरी दोनशेच्या आसपास. ती एकट्या गार पाण्याने जिरवायची तर सहा लिटर प्यावं लागेल, आणि ते धोक्याचं.

२००३ साली जर्मनीत १४ जणांवर प्रयोग झाला. अर्धा लिटर पाणी प्यायल्यावर शरीराचा खर्च ३० टक्क्यांनी वाढला असं त्यात दिसलं, आणि तोच आकडा जगभर फिरला. २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये तसाच प्रयोग केला, तर ३ अंशांच्या पाण्यानेही वाढ जेमतेम साडेचार टक्के निघाली. तो आकडा मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

मग पाणी बिनकामाचं का? मुळीच नाही. २०१० साली अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या लोकांवर अभ्यास झाला. कमी आहाराच्या जोडीला जेवणाआधी अर्धा लिटर पाणी पिणाऱ्यांचं वजन १२ आठवड्यांत इतरांपेक्षा सुमारे दोन किलो जास्त उतरलं. कारण साधं आहे, पोटात पाणी असलं की घास कमी जातात. मेच्या उन्हात कोल्ड्रिंकऐवजी माठातलं पाणी प्यायलं, तर एका ग्लासामागे तीसेक ग्रॅम साखर टळते. फायदा खरा इथे आहे.

आमच्या आज्या-मावश्यांनी विहिरीवरून घागरी वाहिल्या. २०१६ च्या दुष्काळात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, तेव्हा कितीतरी बाया टँकरमागे धावल्या. पाणी पिण्यापेक्षा ते वाहण्यात कितीतरी जास्त जळतं. पुढे दारात नळ आला, चांगलंच झालं. पण चालणं संपलं आणि चहाची साखर तेवढीच राहिली, हेही खरं.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. आपल्या नात्यात बऱ्याच जणांना शुगर निघाली आहे. पाण्याचा उपाय चालू आहे या भरवशावर तपासणी पुढे ढकलली जाते, याची मला भीती वाटते. म्हणून सांगतो, पाणी गार प्या, गरम प्या, आवडेल तसं प्या. फक्त त्याला औषध समजू नका. चहातली साखर कमी करा, रोज चाला आणि रक्त तपासून घ्या. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरांनाच विचारा.