गाठ सुटते का हो?

लंच टाइमला डबा उघडता उघडता टीममधल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, गुड न्यूज कधी?" नव्यानं लग्न झालेल्या प्रत्येकीला हा प्रश्न विचारायचाच, असा आपल्याकडे बहुधा जीआर निघालाय! मी हसले आणि भेंडीच्या भाजीकडे वळले. काय सांगणार तिला? की बाई गं, माझं ऑपरेशन झालंय... नऊ वर्षांपूर्वी!

तर मंडळी, आज थोडं पर्सनल.

पंचविसाव्या वर्षी मला मुलगा झाला. मोठी मुलगी होतीच. "चौकोन पूर्ण झाला," म्हणत तेव्हाच्या सासूबाईंनी डॉक्टरांना सांगून टाकलं, "ह्याच खेपेला उरकून टाका." तेव्हाच्या नवऱ्यानं मान डोलावली. मी सही केली. गंमत म्हणजे, ह्या ऑपरेशनला नवऱ्याची संमती लागतच नाही, सही फक्त बाईची लागते. पण विचार सगळ्यांनी केला होता, मी सोडून! पुरुषाचं ऑपरेशन जास्त सोपं असतं, हे तर कुणी बोललंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे ऑपरेशन झालेल्या बायका ३७.९ टक्के निघाल्या आणि ज्यांच्या नवऱ्याचं झालंय अशा ०.३ टक्के. बोला आता!

पुढे तो चौकोन मोडला. मुलं माझ्याकडे आली. गेल्या वर्षी मी दुसरं लग्न केलं. नवा नवरा शहाणा आहे. "आपल्याला दोन आहेतच की," म्हणाला. मनापासून म्हणाला. पण एका रविवारी तो माझ्या लेकाला सायकल शिकवत होता, आणि मलाच वाटून गेलं... अजून एक हवंय. ह्या वेळी मला हवंय.

गेलो डॉक्टरांकडे. पहिलाच प्रश्न मी विचारला, "गाठ सुटते का हो?"

डॉक्टर हसल्या. "गाठ असती तर सोडली असती. तुमची नळी कापलेली आहे, ती जोडावी लागते." मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. स्त्रीबीज दर महिन्याला तयार होतं, गर्भाशयही ठणठणीत असतं. फक्त मधला रस्ता बंद असतो. तेव्हा पर्याय दोन. रस्ता दुरुस्त करा, नाहीतर बायपास घ्या!

रस्ता दुरुस्त करणं म्हणजे नळी जोडण्याची शस्त्रक्रिया, रिकॅनलायझेशन. केसाहून बारीक धाग्यानं नळीची दोन टोकं पुन्हा शिवतात. २००४ च्या त्सुनामीत मुलं गमावलेल्या आयांना ह्याच शस्त्रक्रियेसाठी तामिळनाडू सरकारनं मदत दिली होती. वय पस्तिशीच्या आत आणि नळी पुरेशी, साधारण चार सेंटिमीटर, उरलेली असेल, तर निम्म्याहून जास्त जणींना दिवस जातात. तेही घरच्या घरी, आणि जमलं तर एकाहून जास्त वेळा. मात्र वाट बघावी लागते, कधी वर्ष-दीड वर्ष. आणि एक धोका लक्षात ठेवायचा. जोडलेल्या नळीतच गर्भ रुजण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. म्हणून पाळी चुकली की लगेच टेस्ट आणि लवकर सोनोग्राफी. पोटात एका बाजूला दुखलं तर अंगावर काढायचं नाही.

बायपास म्हणजे आयव्हीएफ. इंजेक्शनं, बीजं बाहेर काढणं, लॅबमध्ये गर्भ तयार करणं आणि तो थेट गर्भाशयात सोडणं. नळ्यांची गरजच नाही. मुळात हे तंत्र बंद नळ्यांसाठीच आलं. १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईस ब्राऊनच्या आईच्या नळ्या बंद होत्या. मुंबईत केईएमला १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमनं ते करून दाखवलं. वय अडतीस-चाळीसच्या पुढे असेल, नळी फारच थोडी उरली असेल किंवा नवऱ्याचा रिपोर्ट बरा नसेल, तर डॉक्टर सहसा हाच रस्ता सुचवतात. पण प्रत्येक सायकलचा खर्च वेगळा, आणि यशाची खात्री कुठल्याच सायकलला नाही. २०२१ च्या कायद्यानुसार क्लिनिक नोंदणीकृत हवं आणि बाईचं वय पन्नासच्या आत. पण कायदा पन्नास म्हणाला म्हणून बीजं थांबत नाहीत. स्वतःच्या बीजांवर पस्तिशीनंतर यश कमी होत जातं, चाळिशीनंतर तर झपाट्यानं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "ऑपरेशनचा कागद आहे का?" कारण रिंग घातली की क्लिप लावली, की नळी कापली आणि किती कापली, ह्यावर बरंच ठरतं. माझ्याकडे कुठला कागद! आईला फोन केला. तिनं लोखंडी कपाट उपसलं, आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ते पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड सापडलं. दोन्ही नळ्यांचा मधला छोटा भाग कापला होता. टोकं शाबूत. डॉक्टर म्हणाल्या, "चान्स चांगला आहे. नक्की किती नळी उरलीय, ते मात्र दुर्बिणीतून बघितल्यावरच कळेल."

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर तो कागद आजच शोधून ठेवा. आणि कुणी "पुढे वाटलं तर उघडता येतं" म्हणत असेल, तर ऐकू नका. उघडता येईलच असं नाही. हे ऑपरेशन कायमचं समजूनच करायचं असतं.

आमचं रिपोर्टांचं काम झालंय. माझं वय चौतीस, त्याचा रिपोर्ट नॉर्मल. आधी नळी जोडायची, वर्षभर बघायचं, नाही जमलं तर आयव्हीएफ. तेही नाही जमलं, तर आम्ही चौघं आहोतच.

पुढच्या महिन्याची तारीख मिळालीय. संमतीचा फॉर्म घरी आणलाय. काल रात्री मुलं झोपल्यावर चहा करून बसले आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. दोन शंका पेन्सिलीनं लिहून ठेवल्यात.

सही अजून केलेली नाही. आधी त्या दोन शंका विचारणार आहे.