सरकलेला किनारा आणि हरवलेल्या खुणा

जुन्या छायाचित्रातील स्थळ ओळखणे हे वरकरणी हौसेचे काम वाटत असले, तरी ज्या शहराची भूमीच उद्योगाने पालटून टाकली आहे, त्या शहराच्या बाबतीत ते इतिहासलेखनाचे एक शिस्तबद्ध अंग ठरते, आणि आखातातील बहरीन हे द्वीपराष्ट्र त्याचे ठळक उदाहरण आहे. मोत्यांच्या व्यापारावर जगणाऱ्या या बेटात १९३२ साली जबल दुखान या टेकडीच्या परिसरात तेल लागले, १९३६ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, १९७१ साली अ‍ॅल्युमिनियमचे उत्पादन आणि १९७७ साली जहाजदुरुस्तीची मोठी गोदी कार्यरत झाली. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात हे सारे घडल्यामुळे, आजोबांनी काढलेल्या चित्रातील जागा नातवाला तिथेच उभे राहूनही ओळखता येत नाही.

अन्यत्र असे चित्र हाती आले की अभ्यासक प्रथम नदी, डोंगर आणि किनारा शोधतो, कारण इमारती पडल्या तरी भूमीची ठेवण टिकते असे त्याने गृहीत धरलेले असते. बहरीनमध्ये किनाऱ्यापुरते हे गृहीतक सोडून द्यावे लागते. समुद्रात भराव घालून देशाचे क्षेत्रफळ गेल्या साठ वर्षांत सुमारे ६७० चौरस किलोमीटरवरून ७८० चौरस किलोमीटरच्या आसपास गेले आहे. मनामा या राजधानीतील ‘बाब अल् बहरीन’, म्हणजे बाजाराच्या तोंडाशी असलेली कमानीची इमारत, राज्यकर्त्यांचे ब्रिटिश सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह यांच्या आराखड्यानुसार १९४० च्या दशकात बांधली गेली, तेव्हा समुद्र तिच्या जवळजवळ समोरच होता. आज तिच्यापुढे हमरस्ता, उंच कचेऱ्या आणि भरावावर वसलेला वित्तीय वस्तीचा भाग आहे. बॅकबेचा भराव ठाऊक असलेल्या मुंबईकर वाचकाला हे नवे नाही, परंतु मुंबईत भरावाचे टप्पे दोन-अडीच शतकांत विभागले गेले आहेत, तर मनामात त्यांतील बहुतेक काही दशकांत उरकले. त्यामुळे ‘समुद्रकाठची इमारत’ एवढ्या वर्णनावरून तेथे कोणतेच चित्र ओळखता येत नाही, आणि प्रथम ते चित्र कोणत्या काळच्या किनाऱ्याचे आहे हे ठरवावे लागते.

म्हणून शोधाची सुरुवात ज्या मोजक्या गोष्टी खरोखर जागच्या हलल्या नाहीत, त्यांपासून करावी लागते. अशी पहिली खूण म्हणजे जबल दुखान: तिची उंची जेमतेम १३४ मीटर असली, तरी सपाट बेटाच्या मध्यभागी असल्याने क्षितिजावरचा तिचा उंचवटा लपत नाही. दुसरी खूण म्हणजे मनामाच्या नैर्ऋत्येस असलेल्या खमीस मशिदीचे दोन मध्ययुगीन मिनार. दोन स्थिर वस्तूंमधील अंतर चित्रात किती दिसते, यावरून कॅमेरा कोणत्या रेषेवर उभा होता हे काढता येते. दोन्ही मिनार एकामागे एक झाकले गेले असतील, तर छायाचित्रकार त्या दोहोंना जोडणाऱ्या सरळ रेषेवरच असला पाहिजे. या रेषेला दृष्टिरेषा म्हणतात, आणि अशा दोन दृष्टिरेषा जेथे छेदतात तेथे कॅमेऱ्याची जागा निश्चित होते. मुहर्रक बेटावरील शेख ईसा बिन अली यांच्या घराचा पवनमनोरा, म्हणजे वरचा वारा पकडून खालच्या खोलीत सोडणारा चौकोनी बुरूज, हीदेखील अशीच टिकून राहिलेली खूण आहे.

स्थिर वस्तू चित्रात नसतील, तेव्हा ऊन आणि वारा साक्ष देतात. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. बहरीन सुमारे २६ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्याही उत्तरेस असल्यामुळे तेथे असा दिवस येतच नाही आणि दुपारची सावली बाराही महिने उत्तरेकडे पडते. मनामाचा जुना किनारा उत्तराभिमुख असल्याने भरदुपारी समुद्रातून काढलेल्या चित्रात इमारतींचे दर्शनी भाग सावलीत असले पाहिजेत; ते उन्हात न्हालेले दिसत असतील, तर ते उन्हाळ्यातल्या सकाळचे किंवा सायंकाळचे चित्र असेल, अथवा तो किनारा मनामाचा नसेल. तसेच तेथे ‘शमाल’ हा वायव्येकडून येणारा वारा प्रबळ असल्यामुळे कारखान्याच्या धुराड्यातील धूर बहुधा आग्नेयेकडे झुकतो, आणि त्यावरून चित्रातील दिशांचा अंदाज बांधता येतो. भरती-ओहोटीचे भान मात्र सुटता कामा नये, कारण येथील समुद्र उथळ असून ओहोटीला मोठा पट्टा उघडा पडतो, आणि एकाच दिवशी काढलेल्या दोन चित्रांत दोन निराळे किनारे दिसू शकतात.

जागेनंतर काळ ठरवायचा असतो, आणि त्यासाठी ज्यांचा आरंभ किंवा शेवट निश्चित ठाऊक आहे अशा खुणा उपयोगी पडतात. बहरीनमध्ये वाहने पूर्वी भारताप्रमाणे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत आणि १९६७ साली ती उजवीकडे आली. त्यामुळे रहदारीची बाजू दिसताच चित्र या वर्षाच्या आधीचे की नंतरचे हे कळते. राष्ट्रध्वजावरील पांढऱ्या टोकांची संख्या १९७२ साली आठ आणि २००२ साली पाच झाली. प्रवासी आणि सामान भल्या मोठ्या बोटीतून समुद्रातच लहान मचव्यांत उतरताना दिसत असतील, तर ते चित्र बहुधा १९६२ च्या आधीचे असते, कारण त्या वर्षी मीना सलमान हे खोल पाण्याचे बंदर खुले झाले. बाब अल् बहरीनचे साधे, अलंकरण नसलेले दर्शनी रूप १९८६ च्या नूतनीकरणापूर्वीचे आहे. आखाती सहकार्य परिषदेच्या शिखर बैठकीनिमित्त १९८२ साली उभारलेले, सहा शिडांनी मोती तोलून धरल्यासारखे दिसणारे स्मारक मार्च २०११ मध्ये पाडले गेले, म्हणून ज्या चित्रात ते आहे त्याला दोन्हीकडून मर्यादा पडतात.

कारखान्यांची चित्रे सर्वांत अवघड ठरतात. राजवाडा किंवा मशीद एकेकटी आणि वेगळी असते, तर तेलाच्या टाक्या, नळांच्या रांगा आणि कामगारांच्या चाळी एकाच साच्यातल्या असतात, आणि कारखाना एका दिवसात पडत नाही, तर त्याचा एकेक भाग बदलत राहतो. तेथे अभ्यासकाला टाक्यांची संख्या, धुराड्यांचा क्रम आणि सित्रा बेटावरून खोल पाण्याकडे गेलेल्या धक्क्याची दिशा यांवर विसंबावे लागते. तेल कंपनीने १९३० च्या दशकात वसवलेल्या अवाली या नगरातील बंगले एका बाजूला आणि खजुरीच्या झावळ्यांच्या ‘बरस्ती’ झोपड्या दुसऱ्या बाजूला, अशी त्या काळची वस्ती होती. परंतु झावळ्यांची घरे जमिनीवर पाया ठेवून जात नाहीत, आणि म्हणून छायाचित्र हाच अनेकदा त्यांचा एकमेव पुरावा उरतो. चित्राखालच्या मथळ्यावरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. १९ ऑक्टोबर १९४० रोजी इटालियन विमानांनी येथील शुद्धीकरण कारखान्यावर बाँब टाकले, पण नुकसान अगदी थोडे झाले. तेव्हा प्रचंड आगीच्या चित्राखाली कोणी या हल्ल्याचे नाव लिहिले असेल, तर ते नाव आधी तपासले पाहिजे.

हरवलेल्या खुणा केवळ माणसाने बांधलेल्या नसतात, ही गोष्ट बहरीनची चित्रे विशेष तीव्रतेने दाखवतात. हे बेट गोड्या पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध होते आणि अधारीचा विस्तीर्ण झरा हे लोकांचे पोहण्याचे व सहलीचे ठिकाण होते. भूजलाचा उपसा वाढत गेला तसे असे झरे आटले आणि त्यांच्या पाण्यावर वाढलेल्या खजुरीच्या बागाही विरळ झाल्या. ज्या चित्रात दाट बाग दिसते, ती जागा आज घरांच्या आणि रस्त्यांच्या खाली असू शकते. चार हजार वर्षांपूर्वीच्या दिलमून संस्कृतीतील दफनटेकड्यांचेही तसेच झाले. पुरातत्त्वज्ञांनी १९५० च्या दशकात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे सुमारे ७५ हजार टेकड्यांचा नकाशा सिद्ध केला. युनेस्कोने २०१९ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या क्षेत्रांत त्यांपैकी ११,७७४ आहेत. ती विमानातली चित्रे जपली गेली नसती, तर किती टेकड्या वस्त्यांखाली गेल्या हे सांगायलाही कोणी उरले नसते.

जपलेल्या चित्रांमधून प्रत्यक्ष वास्तूचे रूपही परत मिळवता येते. मनामाची १९३७ सालची जकात कचेरी पुढे टपाल कचेरी झाली आणि तिच्यावर नव्या बांधकामाचे थर चढले. अलीकडच्या काळात ते थर उतरवून तिचा मूळ दर्शनी भाग पुन्हा मोकळा करण्यात आला. परंतु जतन झालेली चित्रे एकाच बाजूची असण्याचा धोका असतो. लॉर्ड कर्झन यांच्या १९०३ सालच्या आखात दौऱ्याच्या चित्रसंग्रहात किंवा तेल कंपन्यांच्या अहवालांत पाहुणे, समारंभ आणि यंत्रे ठळकपणे दिसतात, तर ती यंत्रे चालवणारे, हिशेब लिहिणारे आणि रात्रपाळीहून परतणारे लोक क्वचितच नावानिशी भेटतात.

या लोकांत भारतीय मोठ्या संख्येने होते आणि त्याला कारण होते. तेल सवलतीच्या करारात बहरीनच्या किंवा ब्रिटिश प्रजाजनांना नोकरीत प्राधान्य देण्याची अट होती, आणि त्या काळी भारतीय माणूस ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे कारकून, तारतंत्री आणि फिटर म्हणून त्याला तेथे वाट मिळाली. आखाताशी जोडणाऱ्या बोटींचे मुख्य बंदर मुंबई होते, बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि १९६५ साली दिनार येईपर्यंत तेथील व्यवहार रुपयांतच होत असे. स्वातंत्र्यानंतर, आणि विशेषतः १९७० च्या दशकातील तेलतेजीनंतर, मराठी कुटुंबांचाही तेथे जम बसला. त्यांनी बाजारात, बोटीच्या डेकवर, कंपनीच्या वसाहतीत आणि गणेशोत्सवात काढलेली चित्रे आज पुणे, मुंबई, रत्नागिरी, कोल्हापूर अशा ठिकाणी कपाटांत पडून आहेत, आणि अधिकृत संग्रहांतील उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य नेमके याच चित्रांत आहे. मुलांच्या मागे सहज आलेली दुकानाची पाटी, बसथांबा किंवा धुराडे हे त्या चित्राच्या मालकाला किरकोळ वाटले, तरी शहराच्या इतिहासात ते एखाद्या हरवलेल्या चौकाचा शेवटचा दाखला असू शकते.

असा दाखला उपयोगी पडायचा असेल, तर काही शिस्त पाळावी लागते. ओळख ‘निश्चित’, ‘संभाव्य’ की केवळ ‘अंदाज’ हे प्रत्येक वेळी स्पष्ट नोंदवले पाहिजे, कारण एकदा चुकीचे नाव चिकटले की पुढचे सारे त्याचाच हवाला देत राहतात. निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल तर डावे उजवे बदलते, म्हणून पाटीवरील अक्षरे सरळ आहेत का हे आधी पाहावे. चित्राच्या पाठीमागचा मजकूर, स्टुडिओचा शिक्का आणि अल्बममधील क्रम हाही पुरावाच आहे, त्यामुळे फोटो अल्बममधून सुटे करण्यापूर्वी पानांची नोंद करून ठेवावी. सर्वांत तातडीचे काम माणसांच्या स्मृतीचे आहे: १९६० आणि १९७० च्या दशकांत तेथे नोकरी केलेली पिढी आज वृद्ध झाली आहे, आणि चित्र समोर ठेवून तिच्याकडून जागेचे त्या काळचे बोलीतले नाव, जवळची दुकाने आणि कामावर जाण्याचा रस्ता लिहून घेण्यासाठी फार वर्षे हातात नाहीत. भूमी आणि किनारा दोन्ही बदललेल्या देशात ही नावे नकाशावर परत बसवणे हे त्या देशाचे ऋण मानणाऱ्या मराठी कुटुंबांचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी कोणत्याही संस्थेची वाट न पाहता, प्रत्येक फोटोच्या मागे स्थळ, अंदाजे वर्ष आणि सांगणाऱ्याचे नाव मऊ पेन्सिलीने लिहिण्यापासून आरंभ करता येतो.