वादळाचे चित्र आणि वादळाची साक्ष

छायाचित्रकलेच्या रसिकांत अलीकडे एका प्रकाराची मोठी चलती आहे. शिडाच्या नौकेवर चढून मुंबईच्या बंदरात उभे राहावे, आणि शहराच्या माथ्यावर दाटलेले काळे ढग, फेसाळलेल्या लाटा व त्यांच्या मधोमध 'गेटवे'ची कमान ही सर्व एका चौकटीत धरावी, असा हा प्रकार आहे. अशी चित्रे नेत्रसुखद असतात याविषयी आमचा वाद नाही. परंतु त्यांचे चाहते त्यांस वादळाचे सत्यदर्शन म्हणतात, आणि निसर्गकोपाची जाणीव नगरवासियांस अशा चित्रांनीच होते असे प्रतिपादन करतात. आमचा आक्षेप या प्रतिपादनावर आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीसारख्या गावातून, जेथे सह्याद्रीवरून उतरलेले पाणी काळ आणि सावित्री या नद्यांतून समुद्राकडे जाते, तेथून पाहणाऱ्या माणसास हा प्रश्न केवळ रसिकतेचा वाटत नाही. ज्या चित्राला आपण वादळ म्हणून मान देतो, त्यावरूनच संकट कोठे आहे हे आपण ठरवीत असतो.

प्रथम शिडाचीच गोष्ट घेऊ. कोकणचा दर्यावर्दी पावसाळ्यात शीड उभारीत नाही. आगोट लागली की मचवे व होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केल्यावाचून पाण्यात लोटावयाच्या नाहीत, हा त्याच्या अनुभवाचा नियम आहे. आजही सरकारी हुकुमाने या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामागे मत्स्यबीजाच्या रक्षणाइतकाच खलाशांच्या जिवाचाही विचार आहे. म्हणजे वादळ ज्यांना खरोखर ठाऊक आहे ते वादळाच्या दिवसांत समुद्रावर नसतात. ऐन पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्राचे शिडावरून घेतलेले मनोहर चित्र दिसले, तर ते वैशाखातल्या एखाद्या वावटळीचे तर नव्हे, किंवा धक्क्याच्या आडोशाला बांधलेल्या नौकेवरून घेतलेले तर नव्हे, अशी शंका दर्यावर्दीच्या मनात आधी येईल.

आता यंत्राकडे वळू. मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्या आरंभीच्या सभासदांत होते. त्या काळच्या काचांवर निळा प्रकाश इतका जोराने उमटे की, जमीन वा समुद्र नीट उतरेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई. फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे याने 1856-57 च्या सुमारास समुद्राची काच निराळी आणि आकाशाची काच निराळी घेऊन दोन्ही एका कागदावर छापल्या, आणि त्याची समुद्रचित्रे जगभर गाजली. पुढे कित्येक छायाचित्रकार ढगांच्या काचा संग्रहीच ठेवू लागले. एकच ढग अनेक गावांवर दाटू लागला. आज काच राहिली नाही, परंतु दोन-तीन प्रतिमा एकत्र करून आकाश गडद करण्याचे काम हातातला दूरध्वनीच न सांगता करतो.

लाटांचा प्रकार याहून चमत्कारिक आहे. उंच डेकावरून रुंद भिंगाने टिपलेला मोठा समुद्र कागदावर सपाट दिसतो. वादळातून आलेले खलाशी आपली छायाचित्रे पाहून निराश होतात ते याचमुळे. उलट, पाण्यालगत बसून लांब पल्ल्याचे भिंग लावले तर मागची इमारत पुढे ओढली जाते आणि कमरेएवढी लाट कमानीला भिडल्यासारखी भासते. शिवाय शिडाची नौका वाऱ्याने एका अंगावर कलते. तो कल क्षितिजात उतरला की प्रेक्षक समजतो, समुद्रच उलथला! अशा रीतीने खरे वादळ लहान आणि लहान वादळ खरे ठरविण्याची शक्ती ज्या साधनात आहे, त्यास साक्षीदार मानावयाचे असेल तर त्याची उलटतपासणी झाली पाहिजे.

याचा अर्थ शिडाच्या जहाजाने वादळाची साक्ष कधी दिलीच नाही असा नव्हे. उलट, जगास वादळ मोजावयास त्यानेच शिकविले. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट याने 1805 च्या सुमारास वाऱ्याची जी श्रेणी रचली, ती लढाऊ जहाजास किती शीड पेलते यावर आधारलेली होती. शून्यापासून वाढत बाराव्या पायरीला कोणतेच शीड टिकत नाही, असा तिचा हिशेब. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने जहाजांच्या रोजनिशा गोळा करून, कोणत्या घटकेस वारा कोणत्या दिशेने होता आणि वायुभारमापक किती उतरला होता हे पडताळून, वादळे चक्राकार फिरतात हे खलाशांस समजावून दिले. 1848 सालच्या आपल्या ग्रंथात 'सायक्लोन' हा शब्द त्यानेच रूढ केला. त्या रोजनिशांत सौंदर्य नव्हते. वेळ, दिशा आणि आकडा होता. आजच्या छायाचित्रकाराने जहाज घेतले आणि रोजनिशी तेवढी किनाऱ्यावर टाकून दिली, हे आमचे दुःख आहे.

या टाकून देण्याचे मोल काय, हे मुंबईच्याच उदाहरणावरून पाहावे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत, तेथून सुमारे 25 किलोमीटर दूर असलेल्या, बंदराच्या तोंडावरील कुलाब्यास पडला अवघा 73 मिलिमीटर. मिठी नदीकाठी माणसे बुडत असता एखादा छायाचित्रकार बंदरात नौकेवर उभा असता, तर आषाढातल्या कोणत्याही दिवसासारखे एक भिजके आकाश त्याच्या हाती लागले असते. शहराच्या इतिहासातील सर्वांत घातक पावसापैकी एकाचे 'सत्यदर्शन' बंदरावरून झालेच नसते. त्याच्या उलट प्रकारही घडलेला आहे. 17 जुलै 1947 रोजी, दीप अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक उतारू बुडाले. वादळ बंदराच्या दारातच होते. तरी शहरास ती वार्ता कळण्यास कित्येक तास लागले.

निसर्ग चक्रीवादळाने 3 जून 2020 रोजी हाच धडा पुन्हा दिला. देशाचे सर्व डोळे आणि सर्व भिंगे मुंबईच्या किनाऱ्यावर रोखलेली होती. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मुंबई बचावली, तेव्हा पाहणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या आणि वीज गेल्यामुळे ते सांगावयाचे साधनही कित्येकांपाशी उरले नव्हते. सुपारीचे झाड पुन्हा फळास यावयास वर्षे लागतात. परंतु पडलेल्या पोफळीच्या चित्रात ढगांची भव्यता नसते!

बिरवाडी आणि महाड ही मुंबईच्या बंदराला परकी नव्हेत. बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी सावित्रीने आत येते, आणि त्याच वाटेने पूर्वी मुंबईची आगबोट दासगाव बंदरापर्यंत येत असे. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. आंबेडकर मुंबईहून आगबोटीने निघून दासगावलाच उतरले होते. त्याच दासगावावर आणि शेजारच्या जुई, रोहण व कोंडिवते या गावांवर 2005 च्या जुलैत डोंगर कोसळले. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल पुरात वाहून गेला आणि एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह नाहीशा झाल्या. पुढे 22 जुलै 2021 रोजी महाड शहर बुडाले आणि तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. त्या वेळी सावित्रीच्या उगमाशी, महाबळेश्वरास, चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला होता. या शेवटच्या संकटाच्या दिवशी कोकण किनाऱ्यावर कोणतेही चक्रीवादळ आलेले नव्हते. ज्याला नाव द्यावे, ज्याच्यासाठी नौका काढावी असे काही आकाशात नव्हतेच. समुद्रावरून आलेली वाफ सह्याद्रीला अडून वर चढली, थंड झाली आणि ओतली गेली. बंदरावरून जो ढग केवळ जाताना दिसतो, तो रिकामा होतो तो डोंगरावर. ढगाचा प्रवास जेथे अर्धा असतो तेथेच चित्रकाराचे कुतूहल संपते.

येथे आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, कला म्हणजे हवामानखात्याचा तक्ता नव्हे. अगदी मान्य! मग त्या चित्रास चित्र म्हणावे, भिंतीवर टांगावे, आणि आम्हीही ते कौतुकाने पाहू. कलेची मोकळीक मागावयाची आणि पुराव्याचा मानही मागावयाचा, हा व्यवहार सरळ नव्हे. दुसरा आक्षेप असा की, भव्य चित्राने मन हलते, आणि हललेले मनच पुढे मदतीस धावते. मन हलते हे खरे. परंतु कशाने हलते? ढगांच्या रंगाने हललेले मन ढग पांगताच स्थिर होते. महाडकरांनी सावित्रीच्या पात्रातील गाळ काढावा म्हणून जी मागणी लावून धरली, तिला अशा चित्राचा काय उपयोग? तेथे पात्र पूर्वी किती खोल होते आणि आज किती उथळ आहे, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर देणारे छायाचित्र बहुधा कोणी घेतलेले नसते.

म्हणून छायाचित्रकारांस आमचे मागणे साधे आहे. वादळाच्या प्रत्येक चित्राखाली तारीख, घटका, स्थळ, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेस होते ते, आणि प्रतिमा एक आहे की अनेकांची मिळून केलेली आहे, हे लिहावे. जहाजावरच्या साध्या तांडेलाला जे ठाऊक असते तेवढे कलावंतास सांगता आले पाहिजे. आणि नौकेचे भाडे ज्यांना परवडते त्यांनी एका पावसाळ्यात तरी एस. टी. ने बिरवाडीस यावे. नदीकाठी एकच जागा निवडावी; तेथून वैशाखात, आषाढात आणि भाद्रपदात, वर्षानुवर्षे, त्याच चौकटीत पात्र टिपावे. पूर ओसरल्यावर घरांच्या भिंतींवर चिखलाची जी रेघ राहते तिच्याशेजारी मोजपट्टी धरून तिचे चित्र घ्यावे. कारण पुढच्या रंगसफेदीत ती रेघ पुसली जाते आणि तिच्याबरोबर गावाची स्मृतीही. डोंगराच्या उतारावर नवी भेग पडली असेल तर तीही टिपावी.

या चित्रांस कोणी पारितोषिक देणार नाही. पण अशी वीस चित्रे हाती असतील तर गाळ किती साचला, पाणी कोठवर चढले आणि कोणता उतार सुटत चालला आहे, हे सरकारदरबारी कोणासही नाकारता येणार नाही.