विस्तव न लावता होणारी वाटी



या पानावर आम्ही एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट आणि खताच्या मात्रा यांवर लिहीत असतो. या वेळी टोमॅटो, चक्का आणि चीज यांच्या एका वाटीवर लिहायचे ठरवले आहे. वाचून कोणी म्हणेल, "उसाच्या साहेबांनी आता चूल धरली की काय?" तर चूल धरलेली नाही. या पदार्थाला चूल लागतच नाही, आणि तोच आमच्या लेखाचा मुद्दा आहे.

गट मेळावा किंवा शिवारफेरी ज्या सभासदाच्या मळ्यावर असते, त्या घरात पहाटेपासून विस्तव पेटलेला असतो. पन्नास-साठ माणसांचा चहा, पोहे, वर भज्यांचा घाणा. पाहुणचारात आपला शेतकरी कधी कमी पडत नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु बाहेर मांडवात आम्ही तणनियंत्रण सांगत असतो, तेव्हा जिच्या नावावर शेअर आहे ती बाई आत कढईपुढे उभी असते. शेअर दाखल्यावर आणि सातबाऱ्यावर घरातल्या बाईचे नाव लागावे, असे आपण सभांमधून आवर्जून बोलतो. नाव लागलेली सभासद मेळाव्याला बसणारच नसेल, तर नुसत्या नावाला घेऊन काय करायचे?

यावर काहींचे म्हणणे असते, "सायेब, घरचा माणूस ऐकतोय की. तो घरी जाऊन सांगंल." आमचा अनुभव असा की तो सांगत नाही. सांगितलेच तर अर्धे सांगतो. आणि उसात खुरपणी कोण करते? भरणीआधी हाताने खताचे डोस टाकताना बुट्टी कोणाच्या कमरेला असते? जे काम जिच्या हातून व्हायचे, त्याची माहिती तिच्याच कानावर पडली पाहिजे. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की मेळाव्याच्या दिवशी यजमानाच्या घरी चहापलीकडे विस्तव पेटू नये. खायला काहीतरी हवेच, माणसे लांबून आलेली असतात. पण ते आदल्या रात्री निम्मे तयार होणारे आणि सकाळी अर्ध्या तासात कालवून होणारे असावे. कालवायला पुरुषाचा हातही चालतो.

आता ती वाटी कशी करायची, ते सांगतो.

दहा-बारा माणसांसाठी म्हशीच्या दोन लिटर दुधाचे दही घ्यावे. पिकलेले पण घट्ट टोमॅटो एक किलो, लसणाच्या सहा पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, चमचाभर जिरेपूड आणि मीठ. मिळाल्यास चीजचे चार-पाच तुकडे. न मिळाल्यास काही अडत नाही. दही विरजताना दूध नेहमीप्रमाणे उकळून कोमट केलेलेच असावे. कच्च्या दुधाचे दही यात वापरू नये, कारण पुढे हा पदार्थ तापवला जाणार नाही. घरचे दूध तर रोज तापतेच, तेव्हा हा काही जादा विस्तव नव्हे.

रात्री दही स्वच्छ, धुतलेल्या पंचात बांधून टांगावे, खाली पातेले ठेवावे. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर टांगले तर चक्का आंबट होतो; अशा वेळी चाळणीवर पंचा पसरून ती फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळपर्यंत श्रीखंडाला लागतो तसा चक्का तयार होतो. खाली उतरलेले पिवळसर पाणी फेकू नये. कणीक मळायला किंवा आमटीला ते चांगले, त्यात दुधाचा कस असतो.

टोमॅटो चिरण्याआधी वाहत्या पाण्यात चोळून धुवावेत, सुरी आणि हातही धुवावेत. कापल्यावर बिया आणि पातळ गर वेगळा काढावा, फोडी बारीक कराव्यात. येथे एक शास्त्र आहे. टोमॅटोत शंभरातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणीच असते आणि मीठ लागले की ते बाहेर पडते. तसेच कालवले तर घटकाभरात वाटीचा रस्सा होतो. म्हणून फोडींना थोडे मीठ चोळून चाळणीत दहा-पंधरा मिनिटे निथळत ठेवाव्यात. निथळलेला रस आणि काढलेला गर ताकात किंवा आमटीत जातो, वाया काही जात नाही.

मग लसूण, मिरची आणि कोथिंबीर खलबत्त्यात जाडसर कुटावी, चक्क्यात घालून फेटावी, जिरेपूड टाकावी. चीज थंड असतानाच किसून मिसळावे. निथळलेल्या फोडी सर्वांत शेवटी. चीजमध्ये मूळचेच मीठ असते, फोडींनाही लावलेले असते. तेव्हा चव घेतल्याशिवाय वर मीठ टाकू नये. कोणी यात दाण्याचे कूट घालतील, तेही छान लागते. काकडी, गाजर, मुळ्याच्या चकत्या, नाहीतर कडक भाकरीचे तुकडे सोबत ठेवावेत. सोलापूरकडची कडक भाकरी तर यासाठीच जन्मली असे वाटते.

वाटी मध्ये ठेवून सर्वांनी खायची असली तरी शिस्त हवी. चमच्याने आपापल्या पानात घ्यावे, उष्टा तुकडा पुन्हा मोठ्या वाटीत घालू नये. कालवल्यावर दोन तासांत संपवावे. कडक उन्हाचा दिवस असेल तर त्याआधीच. उरले तर उद्यासाठी मांडवात झाकून ठेवणे नको.

पोषणाचेही दोन शब्द. टोमॅटो कच्चा खाल्ला की त्यातले क जीवनसत्त्व तापून कमी होत नाही. त्याचा लाल रंग ज्या लायकोपीनमुळे येतो, ते स्निग्ध पदार्थासोबत अंगी अधिक लागते. चक्क्यातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते. तेलात तळलेल्या बेसनाशी याची तुलना वाचकांनीच करावी.

आता दुधाविषयी. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याच्या जोडीला दूध संघ उभा केला, आणि ऊस व दूध हे एकाच घराचे दोन हात आहेत हे आपल्या भागाला दिसले. उसाचे बिल हप्त्याने येते, दुधाचे दहा दिवसांनी. रोजचा बाजार दुधावरच चालतो. हे सारे खरे असले तरी अनेक घरांत सगळे दूध किटलीतून डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते, हेही खरे आहे. दावणीला दोन म्हशी असून पोरे बिनदुधाच्या चहात पाव बुडवून शाळेला जात असतील, तर तो हिशेब कुठेतरी चुकतोय. आमचे म्हणणे एवढेच की रोज अर्धा लिटर दूध घरासाठी आधी काढून ठेवावे आणि मग किटली भरावी. उरले तर ठेवू, असे म्हटले की उरत नाही.

टोमॅटोची गोष्ट निराळी. जुलै २०२३ मध्ये शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला आणि काही ठिकाणी दोनशेलाही टेकला. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच भाव कोसळले आणि नाशिककडच्या शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. ऑगस्ट २०२१ मध्येही हेच घडले होते, किलोला दोन-तीन रुपये सुटत होते. टोमॅटो, कांदा, बटाटा यांच्या भावातील चढउतार आवरण्यासाठी २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ५०० कोटी रुपयांची 'ऑपरेशन ग्रीन्स' योजना जाहीर झाली होती. त्यानंतरची ही दोन्ही साले आहेत. नारायणगाव-पिंपळगाव बसवंतच्या बाजारात उतरणाऱ्या शेतकऱ्याचे हे रोजचे दुखणे. एका वाटीने त्याचा भाव वाढणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्यासारख्या ऊसवाल्याने दहा-वीस रोपे घरापुरती लावली, तर महागाईत बाजाराकडे बघायची पाळी येत नाही.

"मग उसातच आंतरपीक घेतो की," असे कोणी म्हणेल. येथे मात्र आम्हाला आमच्या खात्याचे बोलले पाहिजे. उसात आपण २,४-डी हे तणनाशक वापरतो. टोमॅटोला त्याची वाफसुद्धा सोसत नाही. वाऱ्याने तुषार गेले तरी पाने वळतात, शेंडा पिळवटतो आणि झाड हातचे जाते. ॲट्राझीन मारलेल्या सरीतही टोमॅटो लावू नये. ज्या पंपाने तणनाशक मारले तोच पंप टोमॅटोला वापरला तर तीच गत होते. म्हणून तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा. घरच्या बाईने बांधावर हौसेने लावलेली टोमॅटोची, वालाची, दोडक्याची झाडे अशी किती गावांत करपली असतील, त्याची मोजदाद नाही. फवारणी एकाने केली आणि बाग दुसरीची गेली. दोघे मिळून मेळाव्याला बसले असते तर हे टळले असते. म्हणून रोपे उसापासून दूर, घराजवळ, न्हाणीच्या किंवा हौदाच्या कडेला लावावीत. मात्र साबणाचे पाणी थेट झाडावर सोडू नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री असे वाण आहेत, ते घरापुरते उत्तम.

सर्वांत महत्त्वाचे आता. शिजवून खाण्याच्या भाजीला आपण जे मनात आणत नाही, ते कच्च्या खाण्याला आणावेच लागते. कीटकनाशकाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे ते छापलेले असते. काल फवारणी, आज तोडा आणि उद्या बाजार, हे बरोबर नाही. पाण्याने धुतल्यावर वरचे जाते. जे आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनलेले असते, ते धुऊन निघत नाही. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर ते औषध सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नये. काहीजण विक्रीच्या सरी वेगळ्या आणि घरी खायच्या सरी वेगळ्या ठेवतात. तसे करणाऱ्याला औषधाचे सगळे कळते, असाच त्याचा अर्थ होतो. जे आपल्या पोराच्या पानात वाढायला आपण धजत नाही, ते दुसऱ्याच्या पोराच्या पानात का जावे? सहकारात वाढलेल्या माणसाने या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे.

हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आलेल्या तोडणीच्या टोळ्या आपल्या फडात असतात. त्यांतल्या बायका पहाटे अंधारात भाकऱ्या थापून कोयता हाती घेतात. दुपारी बांधावर ती गार भाकरी चटणीशी सुटते. आपला ऊस तोडायला आलेल्या टोळीसमोर एक दिवस ही वाटी ठेवली, तर कोणाचा खर्च बुडत नाही. चार घास एकत्र खाल्लेली माणसे बुडख्यापासून तोडा म्हटले तर ऐकतात, असेही आम्ही पाहिले आहे. पण केवळ कामासाठी नव्हे, माणूस म्हणूनही हे करावे.

काही सभासद विचारतील, "दही-टंबाटं खाऊन का टनेज वाढतंय?" थेट वाढत नाही. मात्र एकरी टन वाढवण्यासाठी आम्ही जे सांगतो, ते घरातल्या दोन्ही माणसांनी ऐकले तर फरक पडतो. त्यासाठी दुसरे माणूस मांडवात येऊन बसायला हवे, आणि ते येण्यासाठी कढई खाली उतरायला हवी. टोमॅटोचा आणि टनेजाचा संबंध एवढाच आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पुढच्या गट मेळाव्यापासून यजमानाकडे चहाशिवाय विस्तव पेटू नये. मेळाव्यात महिला सभासदांची जागा पुढे असावी आणि हजेरीपुस्तकात त्यांची सही त्यांनीच करावी. तिसरी अशी की आपल्या ऊस रोपवाटिकेत टोमॅटोचे काही ट्रे घालून ती रोपे सभासदांना घरापुरती मिळावीत. हा विषय आम्ही संचालक मंडळापुढे लेखी मांडणार आहोत. सभासदांनीही आपली मते गट कार्यालयात कळवावीत. वाटी कोणी कालवली तेही कळवावे. पुरुषाने कालवली असेल तर ते आवर्जून लिहावे.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी